जबाब मी लिहून दिला

माझ्या जिभेचा डावीकडचा भाग काढून टाकलाय. बोलता येतं, पण समोरच्याला दोनदा विचारावं लागतं, आणि दुसऱ्यांदा विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला बघवत नाही. म्हणून लिहितेय. सकाळी उठून दाताला मिश्री लावणाऱ्या बायांनी हे वाचावं. आणि ज्यांना कुणी घरात येऊन गोड बोलून धमकावून गेलंय, त्यांनीही वाचावं. मला हे दोन्ही एकाच वर्षात भोगावं लागलं.

माझं नाव सुनंदा. पालमपासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम माझ्याकडं होतं. घरी चार एकर जमीन. शेजारी थोरल्या दिरांचं शेत, आणि दोन्ही घरांचं पाणी एकाच बोअरवर. मुलगी मनीषा सोनपेठला दिलीय. नवऱ्याला मी मालक म्हणते, इथंही तसंच लिहीन.

मी ख्रिस्ती आहे. मालक नाहीत.

हे कसं झालं

मनीषानंतरचं माझं बाळ पोटातच गेलं. गावच्या उपकेंद्रात तेव्हा एक नर्स होत्या, जालन्याकडच्या, विधवा. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. घरातल्या बाया मला पुढच्या वर्षी दुसरं होईल म्हणून समजावत होत्या. नर्सबाई काहीच समजावत नव्हत्या. ड्युटी संपली की येऊन माझ्या उशाशी बसायच्या. नऊ-दहा दिवस बसल्या. मी एकदा विचारलं, तुमी कशाला एवढं करता? त्या म्हणाल्या, माझा देव माझ्याजवळ असाच बसला होता.

पुढं त्यांच्याकडं रविवारची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी जायला लागले. चार घरं होती आम्ही, दहा-बारा माणसं. दोन वर्षांनी मी बाप्तिस्मा घेतला. मालक म्हणाले, तुझ्या जीवाला बरं वाटत असंल तर जा, मला मात्र वढू नको. मी वढलं नाही. पंधरा वर्षं कुणाला काही वाटलंही नाही. नर्सबाई रिटायर झाल्या, गावातच पत्र्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची होती.

मग तीन-चार वर्षांपूर्वी हवा बदलली. रविवारी त्यांच्या दारासमोर मोटारसायकली येऊन थांबायला लागल्या. त्यावरची पोरं कोण येतं, कोण जातं याचे फोटो काढायची. दोन घरं यायची बंद झाली. त्यांना मी नावं ठेवत नाही.

डाग

तंबाखूची मिश्री मीही रोज लावायचे. जिभेच्या कडेला काहीतरी खुपत होतं. दात टोचतोय म्हणून मी सोडून दिलं. तिखट लागलं की आग व्हायची, म्हणून उजव्या बाजूनं चावत होते. असे चार महिने गेले. एका रविवारी नर्सबाईंनी मला खाताना बघितलं आणि म्हणाल्या, तोंड उघड. मोबाइलची बॅटरी लावून त्यांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

मी म्हटलं, बाई, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, बरं होईल.

त्या म्हणाल्या, "प्रार्थना उद्या गाडीत बसल्यावर करू. पहिल्या एसटीनं नांदेडला जायचंय. मालकांना सांग."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा तमाशा या वाक्याच्या उलट लिहिलेल्या कागदावर झाला.

रिपोर्टचा दिवस

जिभेचा तुकडा तपासायला दिला होता. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेलो, नर्सबाईही सोबत होत्या. मालक चहाला खाली गेले होते. डॉक्टरांनी कागद वाचला आणि विचारलं, सोबत घरचं कोण आहे? तिथंच मला कळलं. आपल्याशी बोलायचं सोडून डॉक्टर घरचं माणूस शोधायला लागला की समजायचं.

नर्सबाई म्हणाल्या, "तिलाच सांगा. तोंड तिचं आहे."

डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर, ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. मी भिंतीवरच्या पंख्याकडं बघत होते. त्याला जाळी नव्हती आणि कुणाचं तरी बोट जाईल असं सारखं मनात येत होतं. मालक वर आले, त्यांच्या हातात माझ्यासाठी चहाचा कप होता. आम्हा तिघांची तोंडं बघून त्यांनी तो कप खिडकीत ठेवला आणि उभेच राहिले.

गाडीत मी नर्सबाईंना म्हटलं, मी मरणार आहे का? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. खोटी आशा त्यांनी मला कधी दिली नाही.

ऑपरेशननंतर

सरकारी योजनेत ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, गळ्यात टाके, आणि तोंडात जीभ आहे की नाही तेच कळेना. ओरडायला गेले तर घशातून म्हशीसारखा आवाज निघाला. मी परत प्रयत्न केला नाही.

वॉर्डात माझी कामं ठरलेली. सकाळी ड्रेसिंग, मग नळीतून दूध, मग डॉक्टरांचा राउंड, मग नळीतून डाळीचं पाणी, मग भिंत. लाळ सारखी गळायची, मांडीवर टॉवेल लागायचा. आरशात एकदाच बघितलं.

घरात स्वतःचा पाण्याचा तांब्या कधी भरून न घेतलेले मालक त्या दिवसांत मला जेवू घालायला शिकले. मोठी सिरिंज धरायची, दूध हळूहळू सोडायचं, मध्ये थांबायचं. आधी मनगटावर थेंब टाकून गरम आहे का बघायचे. शेजारच्या कॉटवर पाथरीचे एक गृहस्थ होते, गालाचा कॅन्सर. त्यांची बायको शमीमआपा. तिनं घरून मिक्सर आणला होता आणि वॉर्डातल्या सगळ्या नळीवाल्यांची खिचडी ती त्यात फिरवून द्यायची. माझ्या गळ्यातला छोटा क्रूस बघून तिनं एकदाच विचारलं, तुम दुआ किसको करते? मी वर बोट दाखवलं. ती म्हणाली, बस, वही सुनता. आणि मिक्सर सुरू केला. त्या दिवसांत मला सुख म्हणून जे मिळालं, ते हेच.

कागद

टाके निघाल्यावर शेक सुरू व्हायला मध्ये दोन आठवडे होते, म्हणून घरी आलो. तिसऱ्या दिवशी त्या मोटारसायकलवाल्यांतले चौघं जण आले. त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यातल्या एकाला मी शाळेत खिचडी वाढलीय. बाजेवर बसले, तब्येत विचारली, संत्री आणली होती. मला संत्री खाता येत नाहीत हे त्यांना माहीत नसावं.

मग एकानं टाइप केलेला कागद काढला. त्यात माझ्या नावानं लिहिलं होतं की अमुक नर्सबाईनं मला सांगितलं, डॉक्टरकडं जाऊ नको, आमच्या देवाची प्रार्थना कर म्हणजे रोग जाईल. त्या नादानं माझा आजार वाढला आणि जीभ कापावी लागली. असंच आमिष दाखवून तिनं माझा धर्म बदलला.

तो म्हणाला, "वहिनी, तुमच्यावर आमचा राग न्हाई. तुमी भोळ्या. फक्त खाली सही करा."

मी मान हलवली. नाही.

त्याचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "घाई न्हाई. विचार करा. मनीषा सोनपेठला हाय न्हवं? तिच्या सासरचे लय चांगले लोक हायत. आमच्या ओळखीचे."

एवढंच बोलून गेले. कुणी काही तोडफोड केली नाही. दाराला अडकलेली माझी चप्पल त्यातल्या एकानं सरळ करून ठेवली.

दोन दिवसांनी थोरले दीर अंगणात येऊन मालकांना म्हणाले, बोअर माझ्या हद्दीत हाय, ध्यानात ठिव. मग मनीषाचा फोन आला. ती रडत होती. सासूनं विचारलं होतं, तुझी आई कागदावर सही का करत नाही? "आई, करून टाक गं सही," ती म्हणाली. "तुला तसं बी बोलता येत न्हाई. कोण काय विचारणार हाय?"

शाळेतूनही निरोप आला की मी आता येऊ नये. दुसरी बाई लावलीय.

मी काय मागितलं

खरं लिहायचं म्हणून लिहिते. मी देवाकडं धीर मागितला नाही. मी परवानगी मागितली. म्हटलं, प्रभू, एवढी एक सही करू दे. माझी अर्धी जीभ गेली, आता तू माझ्याकडून आणखी काय घेणार आहेस? तुला माझं मन माहीत आहे. कागदावर काहीही असलं तरी मी तुझीच आहे. नर्सबाईंचं वय झालंय, त्या कुठंही जातील. माझी पोरगी कुठं जाईल?

रोज हेच मागायचे. उत्तर आलं नाही. पण त्या कागदाचा विचार केला की मला मोबाइलची बॅटरी धरलेला नर्सबाईंचा हात दिसायचा, आणि सही करणं म्हणजे त्या हातावर थुंकणं हे मला कळायचं. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मी रविवारी आमच्या घरांतल्या पोरांना गाण्यात शिकवलेली. शिकवताना ती फार सोपी वाटली होती.

मुखवटा

शेक सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार नांदेड, हॉस्पिटलमागच्या गल्लीत एक खोली घेतली होती. शुक्रवारी शेक झाला की लोह्यावरून पालमची एसटी.

शेकाला चेहऱ्याचा जाळीचा मुखवटा बनवतात. तो तोंडावर ठेवून टेबलाला खटके लावून घट्ट बसवतात, म्हणजे मान हलत नाही. मग सगळे बाहेर जातात आणि दार बंद होतं. ज्यांना पुढं हे करायचंय त्यांना सांगते, दुखत काहीच नाही. पण पहिल्या दिवशी मला वाटलं गुदमरून मरते. मशीन चालवणारा मुलगा आत आला, मुखवटा सोडला आणि म्हणाला, मावशी, हात वर केला की मी येतो, मी काचेतून तुमच्याकडंच बघत असतो. दुसऱ्या दिवसापासून मी माणसांची नावं घ्यायला लागले. प्रत्येक नावाला एक प्रार्थना. त्या चौघांचीही घेतली. त्यांच्या नावांना प्रेम वगैरे काही वाटलं नाही, नुसती नावं घेतली.

पंधराव्या शेकानंतर तोंड आतून सोलून निघालं. थुंकी गिळली तरी काच गिळल्यासारखं व्हायचं. नळी पुन्हा घातली.

मालकांनी सही केली

चौथ्या आठवड्यात मालक दोन दिवस गावाकडं जाऊन आले. आल्यावर दूध भरलेली सिरिंज हातात धरून नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "मी सही केली. तुझा नवरा म्हणून. तुला लिहिता-बोलता येत न्हाई म्हणून मी देतोय, असं लिवलंय."

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

ते म्हणाले, "बोअरची केबल कापली व्हती. हरभरा जळायलाय. पोरीला घरी पाठवायची भाषा करायलेत. मी काय करावं, सांग."

मी दोन दिवस त्यांच्याकडं बघितलं नाही. पण नळीतून जेवणाऱ्या माणसाला रुसताही येत नाही. वेळ झाली की ते यायचे, मनगटावर थेंब टाकून बघायचे आणि मला जेवू घालायचे. माझ्या भल्यासाठी खोटं लिहून देणारा आणि मला जिवंत ठेवणारा हात एकच होता. मला त्यांचा राग होता आणि त्यांच्याशिवाय माझा एक दिवसही निघत नव्हता.

तो कागद पालमच्या पोलीस स्टेशनला गेला. नर्सबाईंना चौकशीला बोलावलं. वय सत्तरच्या वर, गुडघे गेलेले. दोनदा एसटीनं जाऊन बाकावर बसून आल्या. मला त्यांनी हे कळवलं नाही. आमच्यातली दुसरी एक बाई सांगून गेली. नर्सबाईंनी तिला बजावलं होतं, सुनंदाला सांगू नको, तिचे शेक चालू आहेत.

शुक्रवारी गाडीत बसायच्या आधी मी वहीत लिहून मालकांना दाखवलं. उद्या स्टेशनला जायचं.

त्यांनी वाचलं. म्हणाले, "तू गेलीस तर मी खोटा ठरतो."

मी खाली लिहिलं, नाही गेले तर मी ठरते. आणि माझी गाठ देवाशी आहे.

लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली. ओठ ओले करायला लागायची.

स्टेशनात

सकाळी मला वाटलं ते येणार नाहीत. पण त्यांनी मोटारसायकल काढली. स्टेशनच्या फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, तू जा आत.

साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली. काय ते सांगा म्हणाला. मी बोलायला लागले. दोन शब्द निघाले आणि लाळ रुमालावरून हातावर आली. त्यानं नजर दुसरीकडं केली, मग कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं.

मी लिहिलं. डाग नर्सबाईंनी बघितला. मी प्रार्थना करा म्हटलं तर त्यांनी मला पहिल्या गाडीनं दवाखान्यात नेलं. त्या नसत्या तर मी आज हे लिहायला नसते. माझा धर्म मी माझ्या मनानं घेतला, कुणी काही दिलं नाही. दुसरा कागद खोटा आहे. खाली सही केली, तारीख टाकली. मोजून अकरा ओळी होत्या.

साहेबानं वाचलं आणि विचारलं, "मग तुमच्या मालकांनी खोटं लिहून दिलं का?"

याचा मी विचार करून गेले नव्हते. खरं म्हणजे केला होता, पण हा प्रश्न कुणी विचारणार नाही अशी आशा होती. मी कागद परत मागितला आणि एक ओळ वाढवली. त्यांना भीती दाखवली. मलाही दाखवली.

त्यानं शिपायाला पाठवून मालकांना आत बोलावलं. बायको म्हणते ते खरं का? मालक माझ्याकडं बघत नव्हते. टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाले, तिची तब्येत बरी न्हाई, साहेब. खरंही म्हणाले नाहीत आणि खोटंही नाही. साहेबानं दोन्ही कागद एका फायलीत ठेवले.

पुढं

नर्सबाईंना परत बोलावणं आलं नाही. पण त्यांच्या पत्र्यावर दगड पडले, एकदा नाही, आठवडाभर. त्यांची मुलगी लातूरहून गाडी घेऊन आली आणि त्यांना घेऊन गेली. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली त्यातलं कुणी निरोपाला आलं नाही. काहींनी खिडकीतून बघितलं, तेवढं मी बघितलं. जाताना त्या मला म्हणाल्या, मी चालले म्हणून तू रडू नको, तोंडाच्या जखमा भरायच्यात. मी रडलेच.

मनीषाला सासरच्यांनी घरी पाठवलं. आठ महिने ती आमच्याकडं होती. माझ्याशी कामापुरतं बोलायची. आता परत गेलीय, पण फोन तिच्या बापाला येतो. थोरल्या दिरांनी बोअरचं पाणी तोडलं ते तोडलंच. पाणी लांबून आणावं लागतं. रविवारी आता आम्ही दोघीच बसतो, मी आणि ती दुसरी बाई. ती वाचते, कारण माझं वाचलेलं तिला कळत नाही.

शेक संपून दीड वर्ष झालं. तोंड तीन बोटंच उघडतं, चव निम्मी आलीय, मान एका बाजूला वळत नाही. तरी जिवंत आहे.

बायांनो, मिश्रीची डबी आजच फेका. आरशासमोर जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा. पंधरा दिवसांत न जाणारा डाग म्हणजे दवाखाना, नवस नाही, उपास नाही, प्रार्थनाही गाडीत बसल्यावर. आणि ज्यांना दमात घेतलंय त्यांना मी काय सांगू? सही केली नाही म्हणून भीती गेली असं मुळीच नाही. दारात मोटारसायकल थांबली की आजही मी आधी कडी लावते. नर्सबाई फोनवर म्हणाल्या, भीती असू दे, ती आजाराबरोबर आलीय, सावकाश जाईल. देवानं सांगितलं ते तू केलंस ना, मग झालं.

गेल्या महिन्यात तपासणीला नांदेडला गेलो. नवीन डॉक्टर होती, तरुण पोरगी. तिनं तोंडात बघितलं, मान चाचपली, जुने कागद चाळले. म्हणाली, फार वेळेवर आणलं तुम्ही यांना, अजून दोन-तीन महिने गेले असते तर काही करता आलं नसतं. कुणाच्या लक्षात आलं?

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या आधी मालक बोलले.

"आमच्या गावच्या नर्सबाईंच्या," ते म्हणाले. "हिनं प्रार्थना करा म्हटलं, तर त्या म्हणाल्या आधी दवाखाना. त्यांनीच हिला हाताला धरून इथं आणलं."

डॉक्टरीण काहीतरी लिहीत होती. छान, म्हणाली, आणि सहा महिन्यांनी या.

बाहेर आल्यावर आम्ही औषधाच्या रांगेत उभे राहिलो. मी त्यांना विचारलं. एकेक शब्द सुटा करून विचारलं, म्हणजे त्यांना दोनदा विचारावं लागू नये.

"हे पालमला स्टेशनात बोलाल का?"

ते रांगेत पुढं सरकले. खिडकी आली, त्यांनी कागद आत दिला, औषधं घेतली, पिशवीत ठेवली. मग माझा हात धरून मला पायऱ्या उतरवायला लागले. उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.